मेलेली माणसं पुरेनाशी झाली तो हिवाळा

ही गोष्ट कुणी खरी मानणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या स्तुपिना गावातले लोकसुद्धा मानत नाहीत, आणि हे लोक असे की मागच्या साली ओढ्यातला मासा काठावर येऊन बाजाराची वाट विचारत होता, हे त्यांनी मान डोलावून ऐकून घेतलं. पण एका अख्ख्या गावानं एका पोरीला जेवू घालता घालता आपली मेलेली माणसं संपवली, असं म्हटलं की लोक टोपी सारखी करतात आणि त्यांना घरचं काम आठवतं. जायचं त्यानं आत्ताच जावं. बाकीच्यांनी जरा सरकून बसा, बाक काही माझ्या बापाचा नाही.

तर फिलोफ्तेया. चर्चच्या खालच्या अंगाला अक्रोडापाशी तिचं घर. हाडापेरानं दांडगी, बोलायला कमी. नवरा ग्लिगोरे टेकडीवरच्या दफनभूमीत कधीचाच जाऊन निजला होता. ज्यांना घर उरलं नाही अशी मुलं सरकारकडून सांभाळायला घ्यायची, वाढवायची, आणि मोठी झाली की डोळे पुसत बसमध्ये बसवून द्यायची, हे तिचं काम. दोन मुलगे तिनं असेच मोठे केले होते. एक जर्मनीत फरश्या बसवतो, दुसरा ट्रक चालवतो, आणि दोघंही ईस्टरला फोन करून आधी कोंबड्यांची चौकशी करतात.

त्या साली पहिल्या बर्फाबरोबर सरकारी कचेरीतल्या ओतिलियाबाई गाडी घेऊन आल्या. मागच्या सीटवरून एक पोरगी उतरली आणि गाडीला पाठ लावून उभी राहिली. दुधाचे दात अजून पुरते पडले नव्हते. अंगात मोठ्या माणसाचा कोट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. नाव स्मारांदा.

"कुत्र्याला भितेस का?" फिलोफ्तेयानं विचारलं.

"तो काय खातो?"

"उरलंसुरलं."

"ते कुठे ठेवता?"

ओतिलियाबाईंनी फिलोफ्तेयाला कोंबड्यांच्या खुराड्यामागे नेलं आणि हळू आवाजात सांगितलं. आई बाहेरून कुलूप लावून गेली ती परतलीच नाही. शेजाऱ्यांनी दार फोडलं तोवर पोरीनं भिंतीचा चुना खरवडून खाल्ला होता. "तिला त्याबद्दल विचारू नका. सांगायचं तेव्हा सांगेल. आणि एक, अन्न लपवते. आपलं लपवते, दुसऱ्याचंही उचलते. आधीच्या घरांनी त्यापायीच परत पाठवली. आता पुन्हा चोरीची तक्रार आली तर माझ्या हातात काही नाही. शहरातल्या मोठ्या निवासात जाईल. तिथल्या पोरांना मग कुणी घरी नेत नाही."

"कधी ठरवणार?"

"ईस्टरनंतर पन्नास दिवसांनी पेन्टेकॉस्टचा सण, त्याच्या आदल्या शनिवारी येईन. गावात विचारीन. मग काय ते."

फिलोफ्तेयानं मान हलवली. एवढंच.

आठवड्याभरात त्या घरातली एकही वस्तू नुसती वस्तू राहिली नाही. पायमोज्यात उकडलेलं अंडं, उशीत पाव, ग्लिगोरेच्या जुन्या बुटात मक्याच्या पिठाचा शिजवलेला गोळा. स्तुपिनातल्या उंदरांनी पलीकडच्या गावातल्या सोयऱ्यांना आवतण धाडलं. फिलोफ्तेयाचं मांजर एवढं जाडं झालं की त्याला दारातून आत घ्यायला तिरकं करावं लागे. पण पोरगी मात्र काडीसारखी, कारण टेबलाशी बसून ती घासभरही खात नसे. हाताला लागेल ते घ्यायचं आणि नाहीसं व्हायचं.

तेव्हा फिलोफ्तेयानं कोणतीही नेटकी बाई करील तेच केलं. कोठीला कुलूप लावलं. खटका बसल्याचा आवाज झाला, आणि पोरगी उभी होती तिथेच जमिनीवर कोसळली. डोळे उघडे, अंग लाकडासारखं. फिलोफ्तेया तिच्यापासून हातभर अंतरावर फरशीवर बसली. शिवली नाही, बोलली नाही, चूल विझली तरी उठली नाही. संध्याकाळी पोरीनं पापणी हलवली तेव्हा ती उठली, कुलूप काढलं आणि तिच्या डोळ्यांदेखत विहिरीत टाकलं. अजून आहे तिथे. त्या पाण्याला लोखंडाची चव येते आणि ते प्यायलं की माणसाच्या गालावर लाली चढते. न पटल्यास पिऊन बघा.

मग तिनं ग्लिगोरेची हत्यारांची पेटी रिकामी करून घासून पुसून पोरीच्या पलंगाशी ठेवली.

"ही तुझी. हवं ते ठेव. मी झाकण उघडणार नाही. पाव कडक झाला की तूच बाहेर काढून ठेव, मी ताजा देईन."

"रोज?"

"रोज."

"आणि तू विसरलीस तर?"

"माझ्या ताटातला घ्यायचा."

घरचं असं कसंबसं मार्गी लागलं. चर्चमध्ये मात्र पहिल्याच रविवारी घोटाळा झाला. फादर इलारिओन तेव्हा नवे होते. मनानं सोन्यासारखे, पण दाढी अजून पुरती वाढायची होती. त्यांनी पोरीला पुढे बोलावलं, डोक्यावर हात ठेवला, "बिचारं लेकरू" म्हणाले, आणि बिचाऱ्या लेकरानं त्यांच्या अंगठ्याचा कडकडून चावा घेतला. त्याच घटकेला घंटा वाजवणाऱ्या निकिफोरनं, जो त्या काळी स्तुपिनातला सगळ्यांत देखणा पुरुष होता हे लक्षात असू द्या, वारा येतो म्हणून चर्चचं दार लोटलं. पोरीनं दाराकडे अशी झेप घेतली की तीन मेणबत्त्या तिच्या वाऱ्यानं विझल्या. बंद फळ्यांवर ती नखं ओढू लागली. फिलोफ्तेया तिच्यामागून धावली, दार सताड उघडलं, आणि दोघी बाहेर बर्फात प्रार्थना संपेपर्यंत उभ्या राहिल्या.

"चोरटी तर चोरटी, वर चावरी," आत लिक्सांद्रा म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा कुजबुजीत. ही लिक्सांद्रा गावातली सगळ्यांत टापटीप बाई. तिच्या कोठीतल्या बरण्या सैनिकांसारख्या ओळीनं उभ्या असत, आणि ती समोरून गेली की पोट आत घेत, असं म्हणतात.

दुपारी फादर अंगठ्याला फडकं बांधून फिलोफ्तेयाकडे आले.

"दुखतंय का, फादर?"

"अंगठा नाही दुखत. 'बिचारं' म्हणालो ते दुखतंय." ते दारातच उभे राहिले, कारण पोरगी आत होती. "मी काय करू ते सांग, बाई. शिकलो त्यात हे कुठे नव्हतं."

फिलोफ्तेयानं विचार केला. "दार उघडं ठेवा."

"या बर्फात?"

"तिला थंडीची भीती नाही, फादर. दाराची आहे."

पुढच्या रविवारी फादर वेदीपुढे उभे राहून म्हणाले, "या हिवाळ्यात आपलं दार उघडं राहील. कारण विचारू नये. ज्याला जास्त थंडी वाजेल त्यानं जास्त मोठ्यानं गावं. त्या मुलीच्या डोक्यावरून कुणी हात फिरवायचा नाही. आईचा विषय काढायचा नाही. 'बिचारी' म्हणायचं नाही, मी म्हणून बघितलंय. जवळ जायचं तर समोरून, हात दिसतील असे. आणि काय करणार ते आधी सांगायचं. घंटा वाजवायच्या आधीसुद्धा."

"आणि ती काही उचलणार असेल, तर तीही आधी सांगेल का?" लिक्सांद्रानं विचारलं.

"तेही होईल, लिक्सांद्राकाकू," फादर म्हणाले. "वेळ लागेल."

तो हिवाळा स्तुपिनानं दार उघडं ठेवून काढला. पवित्र पाणी शिंपडायचं तर ते साखरेसारखं चिमटीनं टाकावं लागे. फादरांची दाढी शुभवर्तमानाच्या पानाला चिकटली की निकिफोर पुढे होऊन फुंकर मारी, मग पुढची ओळ. भिंतीवरच्या चित्रातल्या संत निकोलाच्या टकलावर दहिवर साचू लागलं, तेव्हा कुणीतरी शिडी लावून त्याला लोकरीची टोपी घातली. बरेच दिवस तो माणूस कोण ते कळलं नाही, आणि टोपी खेचरवाल्या हरालाम्बीची असल्यानं हरालाम्बीनं चौकशीही केली नाही. पण एकानंही दार लोटा असं म्हटलं नाही. म्हातारी माणसं कांबळी पांघरून येत. दर रविवारी घंटेच्या आधी निकिफोर दाराशी येऊन म्हणे, "पोरी, आता मोठा आवाज होणार. मीच करणार आहे." पोरगी दाराजवळच्या जागेवर, एक पाय आत आणि एक बाहेर असा, मान हलवून परवानगी देई. मगच घंटा.

आणि दर गुरुवारी दुपारी चर्चमध्ये गाणाऱ्या दोन बायका विणकाम घेऊन फिलोफ्तेयाच्या स्वयंपाकघरात येऊन बसत. नेहमी त्याच दोघी, त्याच शाली, त्याच खुर्च्या. पोरीला नवा चेहरा बघायला लागू नये म्हणून एकीनं ताप असतानाही गुरुवार चुकवला नाही. तेवढ्या वेळात फिलोफ्तेया झोपे. ती घोरायला लागली की स्मारांदा तिच्याकडे बघत बसे. एकदा तिनं त्या दोघींना विचारलं, "मेली तर नाही ना ती?"

"मेलेली माणसं एवढा आवाज करत नाहीत गं."

आता मेलेल्यांची गोष्ट.

बर्फानं वाटा बुजल्या होत्या त्या एका शनिवारी निकिफोरच्या बायकोची, वेटाची, पुण्यतिथी आली. आपल्यात मेलेल्याच्या नावानं पोमाना द्यावी लागते, हे काय सांगायचं: वेणी घातलेला गोल पाव आणि वर पेटती मेणबत्ती. निकिफोर पाव घेऊन चर्चच्या ओसरीत उभा होता, पण घ्यायला कुणी आलंच नाही, आणि मेणबत्ती तर वितळत चाललेली. एवढ्यात फिलोफ्तेया पोरीला घेऊन आली.

"ए पोरी, हा पाव घेतेस?"

पोरीनं हात मागे नेले. "काय करावं लागेल?"

"खावं लागेल."

"आणि मग?"

"मग मी तुझे आभार मानीन."

"तू माझे?"

"तर. माझी वेटा तिकडे पानावर बसून आहे. तू खाल्लंस तर तिला पोचतं. मी खाल्लं तर नाही पोचत, तसा नियमच आहे. घ्यायचा आणि म्हणायचं, देव तिला क्षमा करो. त्यावर मी तुझा उपकार मानायचा."

पोरीनं फिलोफ्तेयाकडे बघितलं. फिलोफ्तेया म्हणाली, "खरं आहे ते."

"आणि मी खिशात ठेवला तर?"

निकिफोरनं मान खाजवली. "तर वेटा थांबेल. तिला सवय आहे, सगळा जन्म माझी वाट बघण्यातच गेला."

स्मारांदानं मेणबत्ती काढून निकिफोरच्या हातात दिली. मग उंबऱ्यावर बसली आणि दोन माणसांच्या देखत, दोन्ही हातांनी, सबंध पाव खाल्ला. कण न् कण टिपला. फिलोफ्तेयाच्या घरी आल्यापासून कुणाच्या डोळ्यांसमोर तिनं खाल्लेला तो पहिला घास.

"देव तिला क्षमा करो," तोंड पुसून ती म्हणाली. "कशी होती ती?"

"वेटा? चांगली लठ्ठ."

"मग एकानं काय होणार. अजून दे."

फिलोफ्तेयानं तोंड भिंतीकडे केलं आणि टोपीवाल्या संत निकोलाकडे एवढ्या बारकाईनं बघत बसली की जणू टाके तपासत होती.

ही बातमी गावात पसरायला निकिफोरला अर्धा दिवस लागला, तोही वाटेत दारूचे घोट घ्यावे लागले म्हणून. पुढच्या शनिवारी ओसरीत चार बायका, चार पाव. त्याच्या पुढच्या शनिवारी टेबलच मांडलं. दया म्हणून कुणी काही आणलं नाही, ते तिला लगेच कळलं असतं. लोक यायचे ते खरंच अडल्यासारखे. "पोरी, माझ्या आजोबांचं जरा बघशील का, फार दिवस उपाशी असतील." आणि पोरगी कचेरीतल्या साहेबासारखी विचारी, "त्यांना काय आवडायचं?"

कांदा, म्हणाली एक सून. सासरा होता, आणि हयात असताना त्याच्याशी ती जन्मात गोड बोलली नव्हती. पोरीनं डोळ्यांतून पाणी काढत कांदा खाल्ला, ते बघून सुनेलाही रडू आलं. कांद्यामुळेच, असं ती अजून सांगते. ज्यांची नुसती नावं उरली होती त्यांची चव गावाला परत आठवायला लागली. कुणाचा काका शेंगदाणे भाजायचा, कुणाची आत्या बीट म्हटलं की नाक मुरडायची. शनिवारी ओसरीत एवढी आठवण निघे की तिकडची आणि इकडची अशी दोन गावं एका टेबलाशी दाटीवाटीनं बसलीत असं वाटावं.

मग मेलेली माणसं पुरेनात. आईबाप झाले, आजेपणजे झाले. कुणीतरी ओढ्यात कधीकाळी बुडालेला तुर्की शिपाई काढला. पण तो कुणाचा यावरून दोन घरांत भांडण झालं, तेव्हा त्याला दोनदा जेवू घातलं. हरालाम्बी आपल्या खेचराच्या नावानं पाव घेऊन आला.

"जनावरांची पोमाना नसते, हरालाम्बी," फादर म्हणाले.

"फादर, माझ्या मेव्हण्यापेक्षा ते जास्त ख्रिस्ती होतं."

फादर मेव्हण्याला ओळखत होते. त्यांनी आकाशाकडे बघितलं आणि खेचराला येऊ दिलं.

तिकडे टेकडीवर वेगळीच पंचाईत. खाऊन खाऊन मेलेले एवढे अंगानं भरले की थडग्यांवरची माती वर आली आणि क्रूस कलंडू लागले. फिलोफ्तेयाच्या स्वप्नात ग्लिगोरे आला, जो जन्मभर दोरीसारखा बारीक होता, आणि म्हणाला, "बाई, मला पट्ट्याला एक भोक पाडून पाठव."

एकट्या लिक्सांद्रानं काही आणलं नाही. "आमच्यात कुणी मरत नाही," ती म्हणे, आणि ते खरंही होतं. तिची आई शंभरीला टेकली होती आणि रोज सकाळी खिडकीतून सुनांचा उद्धार करत होती. फादरांनी एकदा सुचवलं, दुसऱ्या कुणाच्या नावानं दे. लिक्सांद्रा म्हणाली, "उसनी मेलेली माणसं मला नकोत. आणि फादर, उपासानं कुणी सुधारत असेल, लाडानं नाही."

सगळं असं रुळावर येत होतं, आणि लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपास, सुरू झाल्यावर एक दिवस फिलोफ्तेयाला दातापायी शहरात जावं लागलं. येताना बस घाटात बंद पडली. ती घरी पोचली तो अंधार पडला होता. पेटीबाहेर कडक पाव काढून ठेवलेला तसाच होता, बदलायला कुणी नाही. पोरगी पलंगाखाली होती, आणि तिच्या पोटाशी मेंढीच्या दुधाच्या चीजचा आख्खा गोळा. फडक्यावर लिक्सांद्राच्या हातचं निळं भरतकाम.

"तू आली नाहीस," पोरगी पलंगाखालून म्हणाली.

"आले ना."

"मला कुठे माहीत होतं."

फिलोफ्तेयानं आपल्या ताटातला पाव काढून पलंगाखाली सरकवला आणि स्वतः तिथेच आडवी झाली.

सकाळी ती चीज घेऊन लिक्सांद्राच्या दारी गेली. बरोबर आपला एक गोळाही नेला.

"मला चीज नको," लिक्सांद्रा म्हणाली. "मला माझं दार न लावता झोपता यायला हवं. इतकी वर्षं येत होतं. तुमच्या चर्चचं दार उघडं ठेवण्यापायी माझ्या दाराला कडी लागली, त्याचं काय? ती कचेरीतली बाई येऊ दे, मी सांगणार."

लिक्सांद्राचं चुकत होतं असं फिलोफ्तेयाला म्हणता येईना. ती रस्ताभर रडली नाही, घरी येऊन लाकडं फोडली. पेन्टेकॉस्टपर्यंत पुरतील एवढी फोडायला घेतली, पुढच्या हिवाळ्याचीही फोडून झाली.

पेन्टेकॉस्टच्या आदला शनिवार. सगळ्या मेलेल्यांचा दिवस. त्या दिवशी पाव नुसता देत नाहीत, मातीच्या नव्या मगात दूध नाहीतर फळं घालून देतात, आणि त्या सालच्या पहिल्या चेरी मेलेल्यांच्या नावानं दिल्याखेरीज आपल्यात कुणी तोंडात घालत नाही. सगळ्यांत आधी पिकायची ती लिक्सांद्राच्या अंगणातली. त्या झाडाखाली ती हातात दंताळं घेऊन बसलेली असे, आणि पाखरं उडताना त्या बाजूनं वळसा घालून जात.

सकाळी फिलोफ्तेया उठली तर पलंग रिकामा. पेटीचं झाकण उघडं, आणि पेटीत काही नाही. पाव नाही, अंड्याचं टरफल नाही. पोरीला दिल्यापासून त्या पेटीचा तळ तिनं आज पहिल्यांदा बघितला. मूल पळून जाताना शिदोरी घेऊन जातं, हे तिला दोन मुलगे वाढवून माहीत होतं.

ती तशीच चर्चकडे धावली. आवारात लांबलचक टेबलं मांडली होती, सगळं गाव मग आणि मेणबत्त्या घेऊन उभं होतं, ओतिलियाबाईंची गाडी फाटकाशी लागलेली. टेबलावर एका कडेला पावाच्या तुकड्यांचा ढीग होता, कडक, मऊ, दात लागलेले. "पोरीनं पहाटे आणून ठेवले," निकिफोर म्हणाला. "म्हणाली, ज्यांना लागतील त्यांना घेऊ द्या. मग गेली कुठेतरी."

फाटकातून लिक्सांद्रा आली ती वादळासारखी.

"माझ्या झाडाच्या खालच्या फांद्या कुणी ओरबाडल्या?" ती म्हणाली. तिला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. ओतिलियाबाई वळल्या.

तेवढ्यात आवाराच्या दुसऱ्या टोकाकडून स्मारांदा आली. दोन्ही हातांत एक मग, वरपर्यंत चेरींनी भरलेला, मधोमध मेणबत्ती खोचलेली. सांडू नये म्हणून अगदी हळू चालत. फादरांना ओलांडून, निकिफोरला ओलांडून, फिलोफ्तेयालाही ओलांडून ती थेट लिक्सांद्रासमोर उभी राहिली. समोरून, हात दिसतील अशी.

"मी तुला आता हे देणार आहे," ती म्हणाली. "घे."

लिक्सांद्रानं मगात बघितलं. आपल्या झाडाची फळं न ओळखायला ती काय परकी होती? "कुणाच्या नावानं?" तिनं विचारलं.

"ज्यांचं नाव कुणी घेत नाही त्यांच्या. तुझ्याकडे मेलेलं कुणी नाही. माझ्याकडे पण माहितीतलं नाही. तर हे आपल्या दोघींचं."

लिक्सांद्रा पोरीकडे बघत होती. ओठांवर लाल डाग नव्हता. त्या मोठ्या कोटाचे खिसे, जे आजवर कधी रिकामे दिसले नव्हते, ते पालथे होऊन बाहेर लोंबत होते. जिनं चुन्याच्या खपल्यासुद्धा साठवल्या असतील, तिनं त्या चेरींतली एकही मागे ठेवली नव्हती.

"लिक्सांद्राबाई," ओतिलियाबाई हलकेच म्हणाल्या, "तुमची काही तक्रार होती असं ऐकलं."

फिलोफ्तेयानं टेबलाची कड धरली.

लिक्सांद्रानं एक चेरी तोंडात टाकली. बी हातात काढली. दुसरी टाकली. सगळं गाव तिच्या जबड्याकडे बघत होतं.

"आहे ना," ती म्हणाली. "खालच्या फांद्या उतरवल्या, वरच्या कोण उतरवणार? माझे गुडघे शिडीवर चढत नाहीत. ही उद्यापासून येऊ दे. दार उघडंच असतं." मग पोरीकडे वळून, जसं म्हणायचं असतं तसं म्हणाली, "देव त्यांना क्षमा करो."

"मी तुझी आभारी आहे," पोरगी म्हणाली, जसं म्हणायचं असतं तसं.

फिलोफ्तेया गवतावर बसली ती बसलीच. स्मारांदा तिच्याशेजारी येऊन टेकली, आणि थोड्या वेळानं तिचं डोकं फिलोफ्तेयाच्या दंडाला लागलं. ते चुकून लागलंय की मुद्दाम, हे न कळावं म्हणून फिलोफ्तेया दुपारपर्यंत हलली नाही. ओतिलियाबाई एकट्याच गाडीत बसून परत गेल्या.

आणि त्या चेरी काय सांगू तुम्हाला. एवढ्या गोड की बी टाकली तिथे मधमाश्यांनी पोळं बांधलं, फादरांची दाढी रसानं दोन दिवस चिकट राहिली, आणि टेकडीवरून वेटाचा आवाज आला, निकिफोर, मेल्या, मला पण…

"खोटं."

मातीचे मग वाटत बाकामागून चाललेली, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेली एक तरणी बाई थांबली होती.

"निकिफोरआजोबा, खेचर असू दे, संताची टोपी असू दे, तुमचं देखणेपणसुद्धा असू दे. पण लिक्सांद्राकाकूच्या झाडाची चेरी कधीच गोड नव्हती. तोंड वाकडं होईल एवढी आंबट. ती खाताना काकूच्या डोळ्यांत पाणी आलं होतं." तिनं म्हाताऱ्याच्या हातात एक मग ठेवला. "एक मी झाडावरच चाखली होती."